न जन्मलेल्या म्हशीला मणभर दूध

ताई, नमस्कार.

मी मूळचा चिंचवडचा, वय ४३. गेली दहा-अकरा वर्षं इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीत राहतो. लहानपणापासून जग्वारचा वेडा आहे. त्यांची एफ-टाइप, म्हणजे दोन सीटची पेट्रोलवरची स्पोर्ट्स कार, घ्यायची म्हणून २०१६ पासून पैसे बाजूला टाकतोय. मध्ये वाटलं, जरा थांबू, पुढची येईल ती आणखी चांगली असेल. २०२१ मध्येच कंपनीने सांगितलं होतं की आता फक्त विजेच्या गाड्या करणार, तरी मनात होतं की ऐन वेळी विचार बदलतील. २०२४ मध्ये एफ-टाइप बंद झाली आणि तिच्या जागी पेट्रोलवरची दुसरी काही आली नाही. खात्यात ३५,००० पौंड पडून आहेत. यासाठी २०१९ ची दिवाळीची भारतवारीही आम्ही रद्द केली होती.

रात्री एक-एक वाजेपर्यंत मी इंटरनेटवर भांडत बसतो. बायको म्हणते, "जिचं तोंड पाहिलं नाहीस तिचं सुतक किती दिवस पाळणार?" तिला वाटतं, वाकडला फ्लॅट बुक करावा.

आणखी एक. आमच्या मंडळात साताऱ्याचे एक दादा आहेत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. एका रात्री रागाच्या भरात गणपतीच्या ग्रुपवर मी त्यांना लिहिलं, "तुम्ही लोकांनीच मिळून मांजरीच्या नरडीला नख लावलंत." दादा ग्रुप सोडून गेले. नंतर वहिनींकडून कळलं की त्यांचंही दोन वर्षांचं काम मध्येच बंद पडलं होतं. कुठल्या गाडीचं, ते त्यांनी घरीही सांगितलेलं नाही.

मी वेडा झालोय का? पैशांचं काय करू? दादांचं काय करू?

एक पेट्रोलवेडा, कॉव्हेन्ट्री

•

चिंचवडकर,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. त्यातला खरा प्रश्न तिसरा, आणि तोच तुम्ही 'आणखी एक' म्हणून तळाशी सरकवलाय. पण तुम्हाला आधी गाडीबद्दल बोलायचंय हे दिसतंय. तर आधी तेच बोलू.

वेडे वगैरे काही झाला नाहीत. माझे यजमान ३० वर्षं गाड्यांच्या डिझाइन खात्यात होते. आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला बॉनेटच्या रेषा काढणारा माणूस मी रोज समोर बसलेला पाहिलाय. २०१५ साली आम्ही मुलीकडे बर्मिंगहॅमला महिनाभर होतो, तेव्हा पलीकडच्या गल्लीत कुणाची तरी एफ-टाइप होती. सकाळी सातला ती सुरू झाली की आमचे हे ब्रश तोंडात धरून खिडकीशी. आधी ते एक खरखरीत खाकरणं, मग कोपऱ्यावर पाय सुटला की सायलेन्सरमधून फटाक्यांच्या लडीसारखे तड-तड-तड बार. पेस्टचा फेस हनुवटीवरून बनियनवर ओघळायचा, तरी हे तिथेच. त्यामुळे हा आवाज आता नवा मिळणार नाही याचं कुणाला वाईट वाटलं तर मी हसणार नाही. हसायचं ते पुढच्या गोष्टीला.

जग्वारवाल्यांचं हे रडगाणं काही आजचं नाही. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारची ई-टाइप ही स्पोर्ट्स कार आली आणि तिच्यात बसून चक्कर मारायला इतकी झुंबड उडाली की तिथे असलेली गाडी पुरेना. कॉव्हेन्ट्रीला निरोप गेला, आणि कंपनीचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस दुसरी गाडी घेऊन निघाले ते रातोरात इंग्लंड-फ्रान्स पार करून सकाळी जिनिव्हात हजर. अशा गाडीनंतर जी येणार तिच्या नशिबी काय असणार? ७२ हजारांवर ई-टाइप विकल्या गेल्यावर १९७५ मध्ये एक्सजे-एस आली. लांबलचक, जड, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना खांदे उतरल्यासारखे छताचे पंख. भक्तांनी कपाळाला हात लावला. ही आमच्या ई-टाइपची मुलगी असूच शकत नाही, दवाखान्यात बदलली असणार, असा एकूण सूर. गंमत बघा, ती बदललेली मुलगी २१ वर्षं नांदली आणि एक लाख १५ हजारांच्या घरात खपली. आईपेक्षा जास्त. आज तुमच्याच कॉव्हेन्ट्रीतले लोक ती झाकून-पुसून ठेवतात.

पण तेव्हा 'खरा वारस' हवा होता. तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कागदावर आला. खात्यातलं नाव एक्सजे ४१, उघड्या टपाच्या गाडीचं एक्सजे ४२. बाहेर सगळे एफ-टाइपच म्हणायचे. कीथ हेल्फेट यांनी काढलेला आकार आजही बघण्यासारखा आहे. मग सुरू झालं रुखवत. सहा सिलिंडरचं इंजिन आहे ना, त्याला टर्बो द्या. एक कशाला, दोन द्या. एवढी ताकद मागच्या दोन चाकांना झेपायची नाही, तर ती चारही चाकांना जायला हवी. पोर्शच्या तोडीचं व्हायला हवं, अमेरिकेचे सुरक्षेचे नियमही पाळायला हवेत. एकेक मागणी घ्या, वाजवीच होती. पण रुखवत वाढत गेलं आणि नवरीला पाऊल उचलवेना. वजन वाढलं, खर्च वाढला, वर्षं गेली. १९८९ मध्ये फोर्डने जग्वार घेतली आणि मार्च १९९० मध्ये नव्या साहेबांनी फाइल बंद केली.

तेव्हा जी बोंब झाली ती आमच्या घरापर्यंत पोचली होती, परदेशी मासिकांतून, दोन महिने उशिरा. फोर्डने इंग्लंडचा आत्मा विकला, हिशेबनीसांनी कलाकारांचा खून केला, वगैरे. आमचे हे एवढंच म्हणाले होते की ही गाडी फोर्डने मारली नाही, ही आधीच बेतानं श्वास घेत होती.

पण ती वायाही गेली नाही. टॉम वॉकिन्शॉ यांच्या कंपनीने तोच धागा उचलला, एक्सजे-एसच्या सांगाड्यावर नवी गाडी बसवायचं काम सुरू केलं आणि ते फिरत-फिरत फोर्डच्याच मालकीच्या दुसऱ्या एका घरी गेलं. १९९३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती अॅस्टन मार्टिन डीबी ७ म्हणून उभी राहिली. गटांगळ्या खाणारी ती कंपनी त्या गाडीने तगवली. तिचं डिझाइन इयन कॅलम यांचं. हेच कॅलम १९९९ मध्ये जग्वारचे डिझाइनप्रमुख झाले. म्हणजे तुमची एफ-टाइप ज्यांच्या हाताखाली घडली ते गृहस्थ, ज्या रद्द गाडीसाठी लोक रडले तिच्याच राखेतून वर आले होते. अर्थात १९९० साली हे कुणाला दिसणार? मलाही आता मागे वळून बघताना दिसतंय.

पुढचं भराभर सांगते. २००० साली डेट्रॉइटला पुन्हा एफ-टाइप नावाचा छोटा, गोंडस रोडस्टर दाखवला, पुन्हा टाळ्या, आणि दोन-अडीच वर्षांत पुन्हा फाइल बंद. २००८ मध्ये टाटांनी जग्वार घेतली. २०१० मध्ये सी-एक्स ७५ ही सुपरकार दाखवली, २५० गाड्या काढायचं ठरलं, आणि २०१२ च्या डिसेंबरात तीही रद्द. त्याच वर्षी सप्टेंबरात मात्र पॅरिसला खरी एफ-टाइप आली होती. ई-टाइप संपल्यावर जवळजवळ ४० वर्षांनी. २०२१ मध्ये विजेवरची एक्सजे अगदी उंबरठ्यावर आलेली असताना थांबवली. ती पडली सेडान, म्हणून तिच्यासाठी तुम्हा मंडळींनी फारसे अश्रू गाळले नाहीत. ज्यांनी ती केली त्यांच्या घरी काय झालं असेल ते वेगळं. त्याकडे येतेच.

आपल्याकडे म्हण आहे, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. तुमची म्हैस तर जन्मलेलीच नाही. म्हणून ती मणभर काय, खंडीभर देते. एफ-टाइपच्या पुढची गाडी तुमच्या डोक्यात आहे तोवर तिचं वजन वाढत नाही, तिची डिकी एफ-टाइपसारखी एक बॅग टाकली की भरत नाही, तिचा विमा महाग नाही, आणि तिच्यावर 'आधीचीच बरी होती' असं लिहिणारा कुणी भेटत नाही. ती खरंच निघाली असती ना, तर पहिल्या आठवड्यात असं लिहिणाऱ्यांत तुम्हीच पहिले असता. पैज लावते.

आणि आता जरा कडू बोलते, राग मानू नका. एफ-टाइप २०१३ ते २०२४ विकायला होती. शोरूममध्ये. हात लावता येईल अशी. सहा सिलिंडरची होती, आठची होती, २०१७ पासून चार सिलिंडरची त्यातल्या त्यात परवडणारीही होती. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर कासल ब्रॉमविचला तयार होत होती. अकरा वर्षांत साधारण ८७ हजार विकल्या गेल्या, आणि त्यांत तुमची एक नव्हती. 'पुढची येऊ दे' म्हणून थांबलेले तुम्ही एकटे नाही. जगभर असे हजारो. तेच आज सगळ्यात मोठ्याने विचारताहेत की कंपनीने आमचा विचार का केला नाही. चिंचवडकर, कंपनीने तुमचा विचार केला होता हो. तुम्ही आला नाहीत.

२०२४ च्या नोव्हेंबरात जग्वारने गाडीच नसलेली ती रंगीबेरंगी जाहिरात काढली आणि पुढच्या महिन्यात मायामीला गुलाबी-निळी टाइप ००, म्हणजे विजेवरच्या नव्या गाडीचा नमुना, तेव्हा जो धुरळा उडाला त्यात मीही दोन दिवस रमले होते. जाहिरात मलाही आवडली नव्हती. पण त्यातल्या शिव्या वाचताना एक लक्षात आलं. लोगोवर बोलून झाल्यावर लोक माणसांवर घसरत होते. 'डिझाइनवाल्यांना हाकला', 'इंजिनिअर झोपले होते का'. तुम्हीही तेच केलंत. फक्त तुमच्या वाट्याला आलेला इंजिनिअर तुमच्याच पंगतीत बसणारा होता.

आमच्या ह्यांचं सांगते. कंपनीचं नाव, गाडीचं नाव नाही सांगणार. चार वर्षं एका गाडीवर काम चाललं होतं. क्लेचं पूर्ण मापाचं मॉडेल, रोज संध्याकाळी नखांत तो तपकिरी मळ घेऊन यायचे, लिंबानेही निघायचा नाही. एका शुक्रवारी चार वाजताच घरी आले. चहा नको म्हणाले. अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायला लागले. मी तासाभरापूर्वीच घातलेलं होतं, कुंड्यांतून पाणी वाहत होतं, तरी घालतच राहिले. काय झालं विचारलं तर म्हणे काही नाही. आणि खरंच काही बोलता येणार नव्हतं, करारच तसा असतो. बाहेर नाही, घरी नाही, मित्रांत नाही. मयत घरात आणि रडायची बंदी.

चार महिन्यांनी एका मासिकात छापून आलं. तो प्रकल्प गेल्याचं, आणि सोबत वाचकांची पत्रं. कंपनीत धमक नाही, डिझाइन खात्याला कल्पनाच सुचत नाहीत, सरकारी नोकरीसारखं काम करतात. ह्यांनी ते पान दोनदा वाचलं. मला वाटलं आता बोलतील. तर म्हणाले, "दाराची बिजागरी मात्र छान जमली होती." आणि मासिक रद्दीत टाकलं. आज २० वर्षं झाली, त्या गाडीबद्दल मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

तुमच्या दादांकडेही अशी एखादी बिजागरी असणार. एखादी सीटची पट्टी, वायरिंगचा एखादा जोड, काय असेल ते. तुम्ही ज्या गाडीचं स्वप्न बघितलंत असल्या गाड्यांवर ते शनिवारीसुद्धा झिजत होते. ते ग्रुप सोडून गेले ते रागाने गेले असं तुम्ही धरून चाललाय. मला नाही तसं वाटत. ग्रुपवर राहिले असते तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर द्यायची त्यांना परवानगी नाही.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. वाकडचा फ्लॅट घ्यावा की नाही हा फ्लॅटचा प्रश्न आहे, तो गाडीच्या रागात सोडवू नका. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, २०१९ ची दिवाळी. त्या ३५,००० पौंडांत बायकोची एक दिवाळी आहे, तिच्या आईवडिलांची एक भेट आहे. तेव्हा 'माझे पैसे' हा शब्द निघू नये. आधी तिला भारतात नेऊन आणा, फराळाच्या दिवसांत, आणि तिकिटं याच खात्यातून काढा. उरलेल्यात एक बरी जुनी एफ-टाइप बसते, सहा सिलिंडरची. माझं मत विचाराल तर घ्या. तिच्याशी बोलून घ्या, पण घ्या. कर्ज मात्र काढू नका. ती रात्रभर उभी राहून थंड झालेली असतानाच सुरू करून बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन परत या. त्या इंजिनांत कूलंटचे प्लास्टिकचे पाइप काही वर्षांनी तडकतात, ते बदललेत का, पावती आहे का, विचारा. सर्व्हिसचं पुस्तक अर्धवट असेल तर रंग कितीही आवडला तरी सोडा. विम्याचा आकडा गाडी बघायला जायच्या आधी काढा, नंतर काढलात तर माणूस स्वतःला फसवतो. आणि दोन सीटची गाडी आहे, तेव्हा शेजारच्या सीटवर रविवारी कोण बसणार हे आधीच जाहीर करून टाका. निम्मा विरोध तिथेच मावळेल.

रात्री एकपर्यंतचं भांडण बंद करा हे सांगायला हवं का? समोरचा बहुतेक तुमच्यासारखाच, एफ-टाइप न घेतलेला.

राहता राहिले दादा. एखाद्या शनिवारी त्यांना गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला न्या. तुम्ही गेला असालच, पण कलेक्शन्स सेंटरमध्ये निवांत फिरला आहात का? जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या गाड्या तिथे असतात. हिरवी एक्सजे १३ बघा. १९६६ ची, फ्रान्समधल्या ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी बांधलेली, आणि शर्यत म्हणून एकही न धावलेली. १९७१ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी ड्युइस यांच्याच हातून तिचा चेंदामेंदा झाला (ते वाचले), तरी लोकांनी ती पुन्हा उभी केली. एफ-टाइपची शेवटची गाडीही त्याच ट्रस्टकडे गेली आहे. तिथे दादांना फिरू द्या, कशापुढे थांबतात ते बघा, आणि काही विचारू नका. तुमचं काम कुठल्या गाडीचं होतं, हे तर अजिबात नाही. सांगावंसं वाटलं तर बिजागरीबद्दल सांगतील.

पण हे सगळं नंतर. आधी माफी, आणि गेडनचं आमंत्रण त्याच फोनमध्ये घुसडू नका, नाहीतर माफी मागताय की सहल काढताय ते त्यांना कळायचं नाही. "दादा, मी त्या रात्री जे लिहिलं ते चुकलं," एवढं बोला. 'पण', 'खरं म्हणजे', 'मला इतकं वाईट वाटलं होतं की', हे काही जोडू नका. मग गणपतीच्या ग्रुपवरही एक ओळ लिहा, दादा तिथे नसले तरी, कारण ज्यांच्यासमोर बोललात ते सगळे अजून तिथेच आहेत.

दादांना मात्र फोनच करा. मेसेज पाठवलात तर निळ्या टिका उमटल्या का ते बघत पुन्हा रात्रीचा एक वाजवाल.

तुमची,
ताई